बालवाडीचं पहिलं वर्ष आणि सारखं वाहणारं नाक

जूनच्या मध्यात शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा, आणि जुलै संपता संपता बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एकच तक्रार ऐकू येऊ लागते : "घरी होता तोवर कधी आजारी पडला नाही. शाळेत घातला आणि सारखं काहीतरी चालूच आहे." पाठोपाठ मागणी येते, प्रतिकारशक्ती वाढायला काहीतरी द्या. या मागणीवर टॉनिकं, पावडरी आणि थेंबांचा मोठा बाजार उभा आहे. पण अडीच-तीन वर्षांच्या मुलाची प्रतिकारशक्ती बाटलीतून येत नाही. ती लशींतून येते, झोपेतून आणि ताटातून येते, आणि बऱ्याच अंशी, ज्या सर्दी-खोकल्यांना आपण वैतागतो त्यांच्यातूनच येते. घातक आजार आधीच अडवावेत, किरकोळ आजार सोसण्याइतकं बळ मुलाच्या अंगात राखावं आणि दोन्हींतला फरक ओळखता यावा, एवढं आईवडिलांच्या हातात असतं. ते नीट केलं तर पहिलं वर्ष निभावतं.

मुळात हे होतं का, ते समजून घेतलं की निम्मी काळजी कमी होते. बाळ जन्माला येतं ते आईकडून नाळेवाटे मिळालेली प्रतिपिंडं घेऊन. ती सहा महिन्यांच्या आसपास बरीचशी ओसरतात. मग मुलाच्या शरीराला प्रत्येक जंतूची स्वतः ओळख करून घ्यावी लागते. घरात चार माणसं असतात, वर्गात वीस-पंचवीस मुलं, आणि प्रत्येक मूल आपापल्या घरचे विषाणू घेऊन येतं. नेहमीची सर्दी ज्याच्यामुळे सर्वांत जास्त होते त्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराशी झालेली ओळख दुसऱ्यापासून फारसं वाचवत नाही. त्यामुळे लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे निरोगी मुलाचंच लक्षण धरलं जातं, आणि शाळेच्या किंवा पाळणाघराच्या पहिल्या वर्षात हा आकडा दहा-बारावर गेला तरी त्यात नवल नाही. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते, खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. एक संपायच्या आत दुसरी सुरू होते. आईला वाटतं मूल दोन महिने एकाच आजारानं आजारी आहे, प्रत्यक्षात त्यानं तीन वेगळ्या विषाणूंना तोंड दिलेलं असतं.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात मुलांचा जन्मापासून तेराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला गेला. त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या पाळणाघरांत वाढलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्दी जास्त होत होती, पण सहा ते अकरा या वयात, म्हणजे ऐन प्राथमिक शाळेत, तीच मुलं घरी वाढलेल्या मुलांपेक्षा कमी वेळा आजारी पडत होती. आज वाहणारं नाक वाया जात नाही. थोडं आधी भोगलं, एवढंच.

मात्र यावरून "होऊ दे आजारी, त्यातूनच ताकद येते" असा सरसकट अर्थ काढू नये. सर्दीला जे लागू आहे ते गोवराला लागू नाही. गोवर उलट काम करतो. तो आधी कमावलेली ओळखही पुसून टाकतो. लस न घेतलेल्या मुलांवर झालेलं संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात गोवर होऊन गेल्यावर इतर जंतूंविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाल्याचं दिसलं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि त्यात बालकं दगावली. असे आजार अंगावर काढून कुणी बळकट होत नाही.

म्हणून तयारीची सुरुवात लसीकरणाच्या कार्डापासून करा, आणि तीही एप्रिल-मे महिन्यात. कार्ड उघडून सोळा ते चोवीस महिन्यांचा रकाना पाहा. बहुतेक घरांत नऊ महिन्यांपर्यंतच्या लशी वेळेवर होतात, मग बाळ चालायला लागतं, आईची नोकरी सुरू होते, आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस किंवा त्रिगुणीचा पहिला बूस्टर राहून जातो. राहिलेला डोस उशिरा घेतला तरी चालतो, पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागत नाही. थोडीशी सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलायचीही गरज नसते.

सरकारी कार्यक्रमातल्या लशी मोफत आहेत आणि जिवावर बेतणाऱ्या बऱ्याच आजारांना त्या अडवतात. कांजिण्या, गालगुंड, कावीळ अ आणि फ्लू यांच्या लशी मात्र त्या वेळापत्रकात नाहीत. त्या खासगी दवाखान्यात विकत घ्याव्या लागतात आणि सगळ्यांना सगळ्या परवडतील असं नाही. त्यातली एकच निवडायची झाली तर मी शाळेच्या पहिल्या वर्षासाठी फ्लूची निवडेन. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, अगदी शाळा भरायच्या वेळीच. लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. शिवाय लहान मुलाला ती पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस द्यावे लागतात, पुढे दरवर्षी एक. म्हणजे पहिला डोस एप्रिलच्या अखेरीस पडला तर जूनपर्यंत मूल तयार होतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ही लस दरवर्षी घ्यायला सांगते.

कार्डावर अजून एक ओळ असते, तिच्याकडे खासगी दवाखान्यात जाणाऱ्यांचं हमखास दुर्लक्ष होतं. ती जीवनसत्त्व ‘अ’ची. नवव्या महिन्यात पहिला डोस आणि मग दर सहा महिन्यांनी एक, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. अंगणवाडीत किंवा सरकारी आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो. कार्डावर नोंद करून घ्या, कारण हे जीवनसत्त्व जास्त झालं तर अपायही करतं.

आता ताटाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी सुमारे ६९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हा आकडा फक्त गरीब घरांचा नाही. दोन वेळा पोटभर जेवण असणाऱ्या घरांतही रक्त कमी असलेली मुलं सापडतात, आणि त्याचं एक मोठं कारण दूध आहे. "जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे" म्हणून दिवसाला तीन-चार पेले दूध पाजलं जातं. दुधात लोह जवळजवळ नसतं, पोट मात्र भरतं, मग जेवण आणखी कमी होतं. दोन वर्षांनंतर दिवसाला दोन कप दूध पुष्कळ झालं. बाटली अजून सुटली नसेल तर शाळेआधी सोडवा. आडवं पडून बाटलीनं दूध पिणाऱ्या मुलांचे कान जास्त दुखतात.

लोहासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. मसूर, मटकी, हिरव्या पालेभाज्या, घरी चालत असेल तर अंडं, मासे, मटणाचा रस्सा आणि बारीक केलेले तुकडे. वरणभातावर लिंबू पिळायची आपली पद्धत फार शहाणपणाची आहे, कारण लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह अंगी लागतं. चहा त्याच्या उलट वागतो, तो लोह शोषू देत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट हा तीन वर्षांच्या मुलाचा नाश्ता असता कामा नये. गुळात लोह असतं या समजावर फार विसंबू नका, गुळाचा लाडू करायचाच तर त्यात अळीव घाला, लोह खरं त्यात आहे. नाचणी हाडांसाठी उत्तम. दही आणि ताक रोजच्या जेवणात असू द्या, पावसाळ्यातसुद्धा. ताकानं सर्दी होत नाही, सर्दी विषाणूनं होते.

एवढं करूनही मूल फिकट दिसत असेल, माती किंवा खडू खात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी सरकारी केंद्रात लोहाचं सिरपही मिळतं. जंतांचं औषध शाळेआधी एकदा विचारून द्या. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत अंगणवाडीतून ते मोफत दिलं जातं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, दोन वर्षांनंतर पूर्ण, आणि लहान मुलाला ती कुस्करून पाण्यातूनच, कारण अख्खी गोळी घशात अडकू शकते.

आजार होऊन गेल्यावर दोन आठवडे मुलाला दिवसातून एक खाणं जास्त द्यायचं, हे बहुतेक घरांत राहून जातं. तापात उतरलेलं वजन भरून यायच्या आत पुढचा आजार गाठतो आणि मूल हळूहळू खंगत जातं. एका आजारानं काही बिघडत नाही. दोन आजारांच्या मधले दिवस वाया गेले तर मात्र बिघडतं.

झोपेबद्दल मला थोडं आग्रहानं सांगायचं आहे, कारण शहरांतल्या मुलांच्या प्रकृतीची सर्वांत जास्त हेळसांड इथं होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसात दहा ते तेरा तास झोप लागते. शाळा सकाळी साडेआठची असेल आणि मूल सातला उठत असेल तर रात्री नऊ-साडेनऊला ते झोपलेलं असायला हवं. मुंबई-पुण्यात बाबा घरी पोचतात साडेआठला, मग खेळणं, जेवण, टीव्ही, आणि झोपायला अकरा. कमी झोपलेलं मूल चिडकं होतं, खात नाही, आणि आलेला विषाणू परतवायला त्याचं शरीर कमी पडतं. ही सवय एका दिवसात बदलत नाही. मे महिन्याच्या सुरुवातीपासून दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणत न्या. बाबांना मुलाबरोबर वेळ हवा असेल तर तो सकाळी काढावा, मूल तेव्हा ताजंतवानं असतं. झोपायच्या आधी तासभर मोबाइल नको, आणि एरवीही दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दिवसाला एक तास ही जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली कमाल मर्यादा आहे. त्याच संघटनेचं म्हणणं आहे की तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसातले तीन तास हालचालीत घालवावेत. सोसायटीचं अंगण, गच्ची, मैदान, पाऊस थांबल्यावरचा चिखल, सगळं चालेल. मातीत खेळून आल्यावर हात साबणानं धुतले की झालं.

हात धुणं मुलाला शाळेआधी आलं पाहिजे. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट, घरी आल्यावर, खाण्याआधी आणि शौचाहून आल्यावर. साबण त्याच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवा. नखं दर आठवड्याला कापा. छातीला पिनेनं लावलेला रुमाल अजूनही बऱ्याच बालवाड्यांत असतो. तो रोज धुतलेला असू द्या, दप्तरात दुसरा ठेवा, आणि खोकताना तोंड कोपरात लपवायला शिकवा. तीन वर्षांची मुलं हे खेळ म्हणून आनंदानं शिकतात. शाळा निवडताना अक्षरओळख कधी सुरू करता हे विचारण्याआधी वर्गाच्या खिडक्या उघडतात का, मुलांच्या बेसिनजवळ साबण आहे का, आणि तापलेल्या मुलाला तुम्ही घरी पाठवता का, हे विचारा. बंद खोलीत एसी लावून पंचवीस मुलं बसवणाऱ्या चकचकीत शाळेपेक्षा हवेशीर व्हरांड्यातली साधी बालवाडी या वयाला जास्त मानवते. घरातल्या हवेचंही पाहा. सिगारेट, मच्छर अगरबत्ती, रोजची धूप-धुरी यांच्या धुरानं मुलाचा खोकला लांबतो. डासांसाठी मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.

घरगुती उपायांत हळद-दूध, आल्या-तुळशीचं कोमट पाणी यांनी घशाला आराम पडतो, खुशाल द्या. वर्षाच्या पुढच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे आहेत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला वाफ देऊ नका, त्यानं भाजलेली मुलं दरवर्षी रुग्णालयात येतात. ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणं तर जास्तच धोक्याचं, कारण कापूर मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन द्यावं का, असं बरेच जण विचारतात. त्यानं आजार कमी होतात असा भक्कम पुरावा नाही. ज्यांना श्रद्धेनं द्यायचं आहे त्यांनी ते कुठे आणि कसं बनलं याची खात्री करावी, आणि त्यामुळे एकही लस चुकू देऊ नये. दुधात घालायच्या गोड पावडरींबद्दल एवढंच सांगते की एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितली.

खोकल्याचं औषध हा याहून गंभीर विषय. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये दूषित सिरपमुळे लहान मुलांचे मृत्यू झाले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही ती शक्यतो टाळावीत. मागच्या वेळची उरलेली बाटली टाकून द्या. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मापानंच द्या, दोन मात्रांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांची तीव्रता वेगळी असते, एकीचं माप दुसरीला लावू नका. आणि डॉक्टर "अँटिबायोटिकची गरज नाही" म्हणाले तर नाराज होऊ नका, ते डॉक्टर धरून ठेवा. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

पावसाळ्यात बालवाड्यांतून तळहात, तळपाय आणि तोंडात फोड येणारा आजार हमखास फिरतो. पालक घाबरतात, पण तो बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरा होतो. तोंड दुखत असल्यानं थंड दही, खीर, ताक द्या. नंतर महिन्याभरानं नखं निघालीच तर भिऊ नका, ती पुन्हा येतात. जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेले चौदा दिवस झिंक, जुलाब थांबले तरीही.

मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय असं वाटलं तर ते शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा अधिक असतील, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पाणीही घेत नसेल, झोपाळल्यासारखं पडून असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल किंवा झटका आला असेल तर रात्र असो की दिवस, थेट रुग्णालय गाठा. प्रतिकारशक्तीच कमी आहे का ही शंका घ्यायची वेळ वेगळी असते. वर्षात दोन वेळा न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कानात पू, खोलवरची गळवं, वजन न वाढणं, घराण्यात असा आजार असणं, यातलं काही असेल तर तपासणी करून घ्या. वाहणारं नाक त्या यादीत नाही.

मूल जे घरी आणतं ते घरातल्या इतरांपर्यंत जातं. आजी-आजोबांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यावी, विशेषतः मधुमेह किंवा दमा असेल तर. घरात तान्हं बाळ असेल तर मोठ्यानं शाळेतून आल्यावर हात-तोंड धुऊन कपडे बदलूनच त्याला हात लावावा. आई गरोदर असेल आणि वर्गात कांजिण्या निघाल्या तर तिनं त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावं.

शाळा सुरू होताना रडणं होणारच, आणि त्याचाही अंगावर परिणाम होतो. ताणाखाली मूल कमी खातं, कमी झोपतं. पहिले काही दिवस तासभर, मग दोन तास, असं वाढवत नेता आलं तर शाळेला तसं विचारा. त्याची नजर चुकवून पळून येऊ नका. "जेवणाच्या सुट्टीनंतर येते" असं सांगा आणि त्या वेळेला खरंच दारात उभ्या राहा.

शेवटी रजांचा हिशेब, जो फारसा कुणी मांडत नाही. पहिल्या सहा महिन्यांत मूल महिन्यातले दोन-चार दिवस घरी राहणार हे धरून चाला. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल, उलट्या-जुलाब थांबले असतील, कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरली असेल, तेव्हाच शाळा. सकाळी तापाचं औषध पाजून मुलाला वर्गात सोडणारे पालक निष्काळजी नसतात, त्यांच्याकडे रजा उरलेली नसते. बहुतेक घरांत ती आईची संपलेली असते, कारण प्रत्येक आजारपण आपोआप तिच्याच खात्यात जातं. मे महिन्यात दोघांनी कॅलेंडर घेऊन बसा, कोण कुठल्या वारी घरून काम करू शकेल, गावाहून आजी कधी येऊ शकेल, शेजारच्या मावशी अडीनडीला थांबतील का, हे ठरवून टाका. शाळेच्या फॉर्मवर तातडीच्या संपर्कासाठी दोन नंबर विचारतात. त्यातला पहिला बाबांचा द्या.